दोन ते तीनचा तास

वहिनी, तू गेल्यापासून या घरात सगळ्यात मोठा आवाज माझाच आहे, आणि जन्मात पहिल्यांदा मला तो नकोसा झालाय. दादा आधीच मुका. सकाळी रिक्षा काढतो, डहाणू स्टेशन ते नरपड फेऱ्या मारतो, संध्याकाळी येऊन तुझ्या खाटेच्या पायथ्याशी बसतो. खाट अजून उचललेली नाही. मी म्हटलं, "अंगणात टाकू या का?" तर म्हणाला, "राहू दे." तुला मातीला देऊन बारा दिवस झाले, त्यात आमचं एवढंच बोलणं झालं. तू असतीस तर विचारलं असतंस, सुमनबाय, आज तोंड बंद कसं, दात दुखतो काय?

दात नाही दुखत. भीती वाटते. हे मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही, आणि तू बोललीस तेव्हा तुला बोलू दिलं नाही. म्हणून आज माझ्या अंगणवाडीच्या जुन्या हजेरी-वहीची मागची पानं घेऊन बसलेय. सरकारी कागदावर रडू नये, म्हणशील.

तू तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून या घरात आलीस ती प्रार्थना बरोबर घेऊनच आलीस. तुमच्याकडे आजोबांपासून येशूवर विश्वासणारे. तुला त्याचं अप्रूप नव्हतं. संध्याकाळी चूल पेटवावी तशी तू प्रार्थनेला बसायचीस, दोन मिनिटं, आणि मग भाकऱ्या. मी आले उशिरा. नवऱ्याने टाकल्यावर सरावलीला माहेरी परतले तेव्हा आईसुद्धा आठवडाभर धड बोलली नव्हती, आणि तू आपल्या अंथरुणातली एक गोधडी काढून माझ्यासाठी अंथरलीस. का आलीस, कधी जाणार, काही विचारलं नाहीस. त्या गोधडीपायी मी तुझ्यामागून रविवारी प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊ लागले. बाकीचं सगळं नंतर पटलं. आणि चार-पाच वर्षांत मी तुझ्यापेक्षा मोठी विश्वासणारी झाले, निदान आवाजाने. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आईचं म्हणणं खोटं नव्हतं.

भजनं झाली की पास्टर विचारतात, "कोणाची साक्ष आहे?" प्रभूने या आठवड्यात माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीला सांगायचं. सगळ्यात आधी मी. शेळी सापडली, साक्ष. सुटलेली एसटी ड्रायव्हरने थांबवली, साक्ष. तू मागच्या सतरंजीवर डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून हसायचीस. तुझे खांदे हलायचे, ते मला पुढून दिसायचं. घरी आल्यावर म्हणायचीस, "प्रभूला एसटी महामंडळात नोकरीला लावलंस आज." मी रागवायचे. तू तुझ्या वीस वर्षांत एकदाही साक्ष दिली नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, माझं त्याचं चाललंय ते बरं चाललंय, लोकांना कशाला.

गाठ तुला चिकूच्या मोसमातच लागली होती. तू मोसम संपेपर्यंत कोणाला सांगितलं नाहीस. नरपडच्या वाडीत माल निवडायला तुझ्यासारखं कोणी नव्हतं, हे शेठ स्वतः म्हणायचे. अंगठ्याच्या नखाने सालीवर एक बारीक ओरखडा, आत हिरवं दिसलं तर बाजूला, पिवळसर दिसलं तर पेटीत. बाकीच्या बायका एक चिकू बघेपर्यंत तुझे चार व्हायचे. मग औषधाच्या बाटल्या चढायला लागल्या, केस गेले, आणि नखं काळी पडली. उजव्या अंगठ्याचं नख तर उचकटूनच आलं. केसांसाठी तू रडली नाहीस. नखासाठी रडलीस. मी म्हटलं, "अगं, येईल परत." तू म्हणालीस, "मोसमाच्या आधी येईल का, ते सांग."

तुझ्यासाठी मंडळीने प्रार्थनेची साखळी बांधली. पास्टरांनी वहीत तास लिहिले, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत, प्रत्येक घराला रोजचा एक तास. मध्ये फट राहू द्यायची नाही. ज्याचा जो तास, त्याच्या घरी तशी चिठ्ठी: वरती आजाऱ्याचं नाव, खाली वेळ. कोणी तांदळाच्या डब्याच्या झाकणाला चिकटवली, कोणी देवळीत ठेवली. दुपारी दोन ते तीन कोणाला नको असतो, जेवण झालेलं असतं, डोळे मिटतात. दुसऱ्यांच्या साखळीत तो तास नेहमी तूच घ्यायचीस. आपल्यासाठी बांधलेल्या साखळीत आजारी माणूस बसत नाही, पण तू तिथेही दोन ते तीन मागून घेतलास. पास्टर म्हणाले, "सलोमीबाई, तुम्ही आराम करा." तू म्हणालीस, "पडून तर करायची आहे. पळायचंय थोडंच."

आता ते, जे मला लिहायचंय.

सीमेपलीकडे, गुजरातच्या बाजूला आपण दाखवायला जायचो. सहाव्या बाटलीनंतर डॉक्टरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "गांठ नानी थई छे, बेन. पण दवा चालु राखवी पडशे." लहान झालीय, औषध चालू ठेवावं लागेल. आपल्याकडच्या पोरालाही कळेल एवढं सोपं गुजराती. मलाही कळलं. येताना तू खिडकीशी बसून झोपलीस आणि मी तुझ्या डोक्यावरचा रुमाल सारखा नीट करत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीतीच वाटत होती. लहान म्हणजे आहे. आहे म्हणजे वाढेल.

त्या रविवारी पास्टरांनी विचारलं आणि मी उठले. तुला माहीत आहे, आपल्याकडे अर्धी साक्ष कोणी देत नाही. थोडं बरं वाटतंय, अशी साक्ष मी आजवर ऐकलेली नाही. उठायचं ते पूर्ण बरं होऊनच उठायचं. मी म्हटलं, "माझ्या वहिनीची गाठ गेली. प्रभूने मुळापासून काढली." लोकांनी टाळ्या वाजवल्या, हालेलुया झालं, मंडळीतली म्हातारी जमनाबाय रडली. लोकांना वाटलं मी आनंदाने बोलतेय. मी भीतीने बोलत होते, वहिनी. मोठ्याने म्हटलं तर ते खरं होईल, आणि हळू म्हटलं तर देवाला माझा विश्वास कमी वाटेल, असं काहीतरी डोक्यात होतं. तुझे खांदे त्या दिवशी हलले नाहीत.

रीतीप्रमाणे त्याच दिवशी साखळी सोडली. आभाराची प्रार्थना झाली, चहा-बिस्किटं झाली, डब्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या. घरी येताना तू फक्त एवढंच म्हणालीस, "नानी म्हणाले होते, बाय. गई नाही म्हणाले." मी तुला रस्त्यात झापलं. "तोंडाने अविश्वास बोलू नको." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढच्या तारखेला दादा रिक्षा काढून उभा होता आणि मी म्हटलं, "आता कशाला जायचं? साक्ष दिल्यावर परत तपासायला जाणं म्हणजे देवावर संशय घेणं." दादाने तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि चपला काढून ठेवल्यास. ती एक तारीख चुकली. मग दुसरी. तू पाठीला तेल लावून घ्यायचीस, म्हणायचीस, वाकून वाकून भरलीय. तुझं दुखणं तू माझ्यापासून लपवत होतीस, कारण दुखलं म्हटलं असतंस तर मी चारचौघांत खोटी पडले असते. मंडळीतून कोणी आता तुझी विचारपूस करत नव्हतं. बऱ्या झालेल्या माणसाला कोण विचारतं.

मग एक दिवस तू नळावरून हंडा उचललास आणि तशीच खाली बसलीस. कॅन्सर हाडांत गेला होता. पाठीच्या मणक्यात, खुब्यात, आणि यकृतात. मी डॉक्टरांना विचारलं, दोन तारखा चुकल्या म्हणून झालं का? ते म्हणाले की आधीपासूनच असणार, फारसा फरक पडला नसता. हे बोलताना ते फाईल बघत होते. मला अजून कळत नाही ते खरं बोलले की माझ्या तोंडाकडे बघून बोलले. रोज सकाळी उठते तेव्हा मी तो प्रश्न परत विचारते, आणि ते परत फाईल बघतात.

घरी आल्यावर तू मला जवळ बसवलंस. रागावली नव्हतीस. त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणालीस, "रविवारी उठून सांग. गाठ गेली नव्हती म्हणून सांग. लोकांनी प्रार्थना सोडलीय ना." मी म्हटलं, "सांगते."

पहिल्या रविवारी बाहेरगावचे पाहुणे पास्टर आले होते, त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं. दुसऱ्या रविवारी लाईट गेली, माईक बंद. तिसऱ्या रविवारी माझा घसा बसला, आणि तो खरंच बसला होता. दर रविवारी मी घरी आले की तू उशीवरून मान वळवून बघायचीस. विचारायची नाहीस. मी आपोआप स्वयंपाकघरात जायचे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आम्ही अंगणवाडीतल्या पोरांसारखी पाठ केलेली, आणि मी तीच मोडली, तीही देवाचं नाव घेऊन. आत कुठेतरी पक्कं बसलं होतं की याची शिक्षा झालीय, आणि पत्ता चुकून ती तुझ्याकडे आलीय. उभं राहून कबूल केलं तर सगळ्यांना कळेल की सलोमीला कोणी मारलं.

हे एकदा मी तुला बोलून दाखवलं, अर्धवट. तू औषधाच्या गुंगीत होतीस असं समजून. तू डोळे उघडून म्हणालीस, "देव काय तहसील कचेरीतला कारकून आहे, एकाचा अर्ज दुसऱ्याच्या फाईलला लावायला?" आणि परत डोळे मिटलेस. तेवढ्यावर आपलं भांडण राहिलं ते राहिलंच. मला तुला विचारायचं होतं, मग का? तुझ्याकडे उत्तर होतं असं नाही. पण विचारायचं होतं.

आणखी एक सांगते, तुला माहीतच आहे तरी. तुझं जेवण तुटलं तेव्हा मी कोणाला न सांगता पूर्वेकडच्या गावात एका भगताकडे गेले. मी, पुढच्या सतरंजीवरची सुमनबाय. त्याने काळा दोरा मंतरून दिला. मी तो तुझ्या उशीच्या अभ्र्यात घातला. दुसऱ्या दिवशी तो तुझ्या हातात होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तू दोरा बोटाला गुंडाळून बघितलास आणि म्हणालीस, "चांगला मजबूत आहे. केस आले की बांधायला होईल." मग कोपऱ्यातल्या डब्यात ठेवायला सांगितलास, सुया-बटणांच्या. पास्टरांना बोलली नाहीस. दादालाही नाही.

गावात, डहाणूच्या बाजारात तू नीट शहरी मराठी बोलायचीस. दुखायला लागलं की माहेरची बोली यायची. त्या दुपारी तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "मना भ्याव वाटतं, बाय." मी पटकन म्हटलं, "असं बोलू नये. विश्वासणाऱ्याने भ्यायचं नसतं." तू हात सोडला नाहीस. म्हणालीस, "क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभू बागेत घाबरला होता. घामाघूम झाला होता. तू त्याच्यापेक्षा मोठी झालीस काय?" मी तुझा रुमाल नीट करायला लागले. तू म्हणालीस, "भ्याव आलंय तर येऊ दे. त्याला पण बसायला जागा दे. त्याच्या बाजूला बसून मी प्रार्थना करते." आणि तू तशीच करायचीस, मी बघितलंय. दोन वाजले की डोळे मिटायचीस, ओठ हलायचे, कपाळावर घाम, हाताला थरथर. मी समजायचे दुखतंय. तुला भीती वाटत होती आणि तू प्रार्थना करत होतीस, दोन्ही एका वेळी. मला वाटत होतं एक आलं की दुसरं जातं.

तुझ्या शेवटच्या रविवारी तू सकाळी माझ्या साडीच्या निऱ्या खाटेवरूनच नीट केल्यास आणि म्हणालीस, "आज तरी." मी गेले. पास्टरांनी विचारलं, कोणाची साक्ष आहे? मी सतरंजीवरून उठले नाही. सभा सुटल्यावर मी उगाच सतरंज्या गुंडाळत राहिले, भांडी घासली, शेडला झाडू मारला. घरी आले तेव्हा अडीच वाजून गेले होते. तू मान वळवलीस, आणि पहिल्यांदाच विचारलंस, "सांगितलंस?"

मी मान हलवली. होय म्हणून.

तू माझा हात दाबलास. त्या हातात जोर नव्हताच, तरी दाबलास. मंगळवारी सकाळी तू गेलीस. दादा चहा गाळत होता.

तुला तुझ्या पाड्यावर नेलं, चर्चमागच्या जागेत, तुझ्या आजोबांच्या शेजारी. तुझ्या भावांनी खड्डा खणला. सगळे मूठभर माती टाकत होते आणि माझी मूठ उघडेना. मला वाटत होतं, माती टाकली की माझं ते होय तुझ्याबरोबर खाली जाईल आणि मग वर काढता येणार नाही. जमनाबायने माझी बोटं सोडवली.

त्यानंतरच्या रविवारीही मी उठले नाही. काल उठले. पास्टरांनी विचारायच्या आधीच उठले, नाहीतर परत बसले असते. आवाज फुटेना. माझा आवाज, वहिनी. मी म्हटलं, "माझी साक्ष खोटी होती. गाठ गेली नव्हती, लहान झाली होती. मला माहीत होतं. मी तिला तपासायला जाऊ दिलं नाही. ती मला म्हणाली होती, लोकांना सांग, प्रार्थना करायला सांग. मी सांगितलं नाही. आणि सांगितलं म्हणून तिला खोटं बोलले. मला भीती वाटत होती. अजून वाटते." एवढंच. हालेलुया झालं नाही. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्या ऐकू येत होत्या. कोणीतरी उठून मला बाहेर काढेल असं वाटलं.

जमनाबाय उठली. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत उठते ती, वेळ लागतो. म्हणाली, "सलोमी आमच्याकडे आली होती. हाडांचं कळलं त्याच आठवड्यात. रिक्षात बसून घरोघर आली. साखळी तेव्हाच बांधली."

मी दादाकडे बघितलं. तो पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसला होता. रिक्षा त्याचीच होती.

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं? तिच्यासाठी साखळी चालू आहे हे कळलं असतं तर मी..."

जमनाबायने कंबरेची पिशवी उघडली आणि घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. तुझं अक्षर. नख गेलेल्या अंगठ्याने पेन धरल्यामुळे अक्षरं उतरणीला लागलेली. वर नाव लिहिलं होतं: सुमन. खाली जमनाबायची वेळ, सकाळी सात ते आठ.

"आम्ही म्हटलं, अगं, तुझ्यासाठी बांधू," जमनाबाय म्हणाली. "तर म्हणाली, माझं दुखणं डॉक्टर बघतोय. बायचं कोणी बघत नाही. ती भिऊन मरेल. आणि म्हणाली, ती आपणहून उठेल तेव्हाच सांगा. उठली नाही तर सांगू नका, नुसती प्रार्थना करा." मग पिशवी मिटत म्हणाली, "तिच्या शेवटच्या रविवारी सभा सुटल्यावर मी तुझ्या आधी तुमच्याकडे गेले होते. तिने विचारलं, सुमन उठली का? मी म्हटलं, नाही उठली."

म्हणजे मी होय म्हटलं तेव्हा तुला माहीत होतं. माहीत असून तू माझा हात दाबलास.

वहिनी, मला तुझा राग येतोय, हेही लिहून ठेवते. एवढे दिवस रोज सहा ते नऊ माझं नाव घरोघरी घेतलं जात होतं आणि मी त्याच घरांसमोरून पदर ओढून जात होते, की त्यांना कळलं तर काय होईल. तू एक शब्द टाकला असतास. पण टाकला असतास तर मी त्याचीही साक्ष दिली असती, हे तुला पक्कं माहीत होतं.

शेवटी पास्टरांनी वही उघडली आणि हळूच म्हणाले, साखळीत बारा दिवस एक फट आहे, सलोमीबाईंचा दोन ते तीनचा तास. ती त्यांनी कोणाला दिली नव्हती. मी म्हटलं, तो तास मी घेते.

आज पहिला दिवस. अंगणवाडीतली पोरं एकला घरी गेली. मी जेवले नाही, म्हणजे झोप यायला नको. दोन वाजता तुझ्या खाटेच्या कडेला बसले, डोक्यावर पदर घेतला. हात थरथरत होते, कपाळाला घाम होता, आणि काही झालंच नाही असं मी भासवलं नाही. भीती होती. तिला जागा दिली. चिठ्ठी समोर ठेवली, डोळे मिटले, आणि मग अडले. तीन वाजेपर्यंत अडूनच बसले. कारण चिठ्ठीवर माझं नाव आहे, वहिनी, आणि माझ्यासाठी काय मागत होतीस ते तू कुठे लिहून ठेवलं नाहीस.

उद्या परत बसते.